ॲमस्टरडॅममध्ये गाइडबरोबर सायकल सहल: वीस वर्षांनी सीटवर बसणाऱ्यांसाठी

प्रश्न असा आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात चार दिवस ॲमस्टरडॅम. नवरा-बायको चाळिशीतले, मुलगा अकरा वर्षांचा, सोबत चौसष्ट वर्षांच्या सासूबाई. विचारणाऱ्या ताईंनी कॉलेज सुटल्यापासून सायकलला हात लावलेला नाही. गाइडबरोबरची तीन तासांची सायकल सहल घ्यावी का, झेपेल का, आणि त्यात खरंच काही बघायला मिळतं की नुसतीच दमछाक?

ताई, मी या शहरात अकरा वर्षं लोकांना सायकलवरून फिरवतोय आणि त्यांत आपली मराठी मंडळी भरपूर असतात. त्यामुळे आधी उत्तर, मग कारणं. सहल घ्या. पण उतरलात त्या दिवशी नको, दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्रभर विमानात बसून आलेल्या माणसाला सायकल देताना माझाच जीव खालीवर होतो. मुलाची काळजी करू नका, नवऱ्याची करा. अकरा वर्षांची पोरं सांगितलेलं ऐकतात. चाळिशीतले पुरुष ‘अहो, मी शाळेत रोज सायकलनंच जायचो’ म्हणतात आणि पहिल्या दहा मिनिटांत पुढचं चाक ट्रामच्या रुळात घालतात. सासूबाईंचं काय करायचं ते पुढे सांगतो, त्यावर उपाय आहे.

दमछाकीचं म्हणाल तर ती होत नाही. तीन तासांत आम्ही दहा-बारा किलोमीटर जातो आणि त्यातला निम्मा वेळ उभं राहून बोलण्यात जातो. शहर सपाट आहे. चढ म्हणजे कालव्यांवरचे कमानदार पूल, तेवढेच. वारा मात्र आहे. समोरून वारा आला की डच लोकही मान खाली घालून मुकाट पायडल मारतात.

आता सायकलीबद्दल, कारण खरी मेख तिथे आहे. इथली भाड्याची सायकल म्हणजे उंच हँडलची, ताठ बसायची, जड, काळी सायकल. आपल्याकडच्या जुन्या लेडीज सायकलची थोरली बहीण म्हणा. पुष्कळ सायकलींना पायाचा ब्रेक असतो, म्हणजे पायडल उलटं फिरवलं की मागचं चाक थांबतं. आपल्या लोकांना उतारावर किंवा वेग कमी करताना पायडल सहज उलटं फिरवत राहायची सवय असते, कटकट आवाज येतो ना, ती. इथे तसं केलंत की सायकल जागच्या जागी उभी राहते आणि मागून येणारी बाई तुमच्यावर. म्हणून बुकिंग करतानाच विचारा की हाताचे ब्रेक असलेली सायकल मिळेल का. बहुतेक ठिकाणी मिळते. नसेल तर निघण्याआधी दहा मिनिटं रिकाम्या जागेत सराव मागा. जो गाइड एवढंही देत नाही त्याच्याबरोबर जाऊ नका.

दुसरं, सीट. डच माणसं उंच, त्यामुळे सायकल हातात येते ती त्यांच्या मापाची. लाजू नका, सीट खाली करून घ्या. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. वीस वर्षांनी बसणाऱ्यासाठी हे गिअरपेक्षा महत्त्वाचं आहे, कारण घाबरल्यावर माणूस ब्रेक विसरतो आणि पाय टेकायला जातो.

तिसरं, उजवी बाजू. डोक्याला माहीत असतं की इथे उजवीकडून चालायचं. शरीराला माहीत नसतं. सरळ रस्त्यावर कुणी चुकत नाही, चुकतात ते डावीकडे वळल्यावर. वळण संपलं की आपलं अंग आपोआप रस्त्याच्या डाव्या कडेला जातं आणि समोरून वीस सायकली येत असतात. मी दर वळणाला मागे वळून ‘उजवीकडे!’ असं ओरडतो. अकरा वर्षांनीही ओरडतो.

चौथं, ट्रामचे रूळ. चाक बरोबर बसेल एवढी फट असते त्यांत. रूळ ओलांडताना तिरकं जायचं नाही, शक्य तितकं काटकोनात जायचं. मी स्वतः पहिल्या वर्षी पावसात पडलोय, कोपर सोललं, आणि मागचा ट्रामवाला घंटा वाजवत थांबून माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होता ती अजून आठवते. इथे ट्रामपुढे कुणाचं चालत नाही, चालत जाणाऱ्याचंसुद्धा नाही.

बाकी नियम तासाभरात अंगवळणी पडतात. लालसर डांबराचा पट्टा म्हणजे सायकलचा रस्ता, डच लोक त्याला ‘फीट्सपाट’ म्हणतात. जमिनीवर पांढरे त्रिकोण रंगवलेले दिसले आणि त्यांची टोकं तुमच्याकडे असली तर थांबायचं, आडव्या रस्त्यावरून येणाऱ्याचा हक्क आधी. या त्रिकोणांना इथे ‘शार्कचे दात’ म्हणतात, मुलाला हे लगेच लक्षात राहील. कुठलीच खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. वळताना हात दाखवायचा. मोबाइल हातात धरून सायकल चालवली तर १ जुलै २०१९ पासून दंड आहे, आणि तो करतात. हेल्मेटची साध्या सायकलला सक्ती नाही. मुलासाठी हवं असेल तर आधी कळवा. रस्त्यावर सगळे बोडके दिसतील म्हणून संकोच नको.

एक दिलासा देतो. डिसेंबर २०२३ पासून शहरातल्या बहुतेक रस्त्यांवर गाड्यांना ताशी ३० किलोमीटरची मर्यादा आहे. तुम्हाला धोका मोटारीकडून फारसा नाहीच. धोका आहे तुमच्या थांबण्याकडून. पूल आला, कालव्यात बोट दिसली, ट्युलिपच्या कुंड्या दिसल्या की आपला माणूस आहे तिथे थांबतो आणि फोन काढतो. सकाळी साडेआठला त्या पट्ट्यावरून एकामागे एक माणसं ऑफिसला चाललेली असतात, आया पुढच्या लाकडी पेटीत दोन-दोन मुलं बसवून शाळा गाठत असतात. त्यांच्या लेखी तुम्ही दादर स्टेशनच्या जिन्यात मधेच उभं राहून फोटो काढताय. घंटी वाजते, मग शिवी येते. डच शिव्यांमध्ये रोगांची नावं फार, ती समजत नाहीत हेच बरं. म्हणून गाइडचं पहिलं काम इतिहास सांगणं नाही. तुम्हाला प्रवाहात ठेवणं आणि जिथे थांबता येतं तिथेच थांबवणं हे पहिलं काम.

गाइड निवडताना आणखी दोन गोष्टी बघा. गट किती मोठा आहे? शहराच्या मध्यभागात २०२० पासून गाइडच्या गटात पंधराहून जास्त माणसं नेता येत नाहीत. पण सायकलवर पंधराही जास्तच. पहिला सिग्नल लागला की निम्मी माणसं अलीकडे, निम्मी पलीकडे. मी दहाच्या वर घेत नाही. (गट तुटला तर लाल सिग्नल तोडून पाठलाग करायचा नाही. पुढचा गाइड थांबलेला असतो, त्याला तेवढा पगार मिळतो.) आणि रस्ता कुठून जातो? स्टेशनसमोरच्या दामराक रस्त्यावरून किंवा लाल दिव्यांच्या गल्ल्यांतून नेतो म्हणाला तर दुसरा गाइड बघा. तिथे पायी चालणाऱ्यांची इतकी गर्दी असते की सायकल हातात धरून ढकलावी लागते, आणि तिथल्या वेश्याव्यवसायाच्या खिडक्यांसमोर गाइडचे गट नेणं बंदच केलेलं आहे. पैसे माणशी तीस-चाळीस युरो पडतील, सायकल त्यातच धरून.

आता काय दिसतं ते. माझा रस्ता सांगतो. इतरांचा थोडा वेगळा असेल, पण गोष्टी त्याच.

सुरुवात मी स्टेशनच्या आसपास करतो, कारण सगळ्या शहराचं गुपित तिथे आहे. हे शहर चिखलावर उभं आहे आणि घट्ट वाळूचा थर लागेपर्यंत लाकडी खांब ठोकून त्यावर इमारती चढवल्या आहेत. सेंट्रल स्टेशन १८८९ मध्ये उघडलं, ते पाण्यात भर घालून केलेल्या बेटांवर आणि हजारो खांबांवर. डाम चौकातला राजवाडा सतराव्या शतकात नगरभवन म्हणून बांधला, त्याखाली १३,६५९ खांब आहेत. हा आकडा इथल्या शाळेतल्या पोरांना पाठ असतो: वर्षाचे दिवस ३६५, पुढे एक, मागे नऊ. तुमच्या मुलाला सांगा, तो घरी जाऊन सगळ्यांना ऐकवेल. लाकूड पाण्यात पूर्ण बुडून राहिलं तर शतकानुशतकं टिकतं. पाणी खाली गेलं आणि हवा लागली की कुजायला लागतं. म्हणून या देशात पाण्याची पातळी बोटाबोटानं सांभाळतात. स्टेशनसमोरच्या त्याच पाण्याखाली २०२३ च्या जानेवारीत ७,००० सायकलींचं पार्किंग उघडलं. पहिले चोवीस तास फुकट. आत जाऊन फक्त बघून या. मराठी माणसाला गणपतीतल्या चपलांच्या ढिगाची आठवण होईल, फक्त इथे प्रत्येक चप्पल जागेवर ठेवलेली.

तिथून पश्चिमेला कालव्यांच्या पट्ट्यात. हेरेनख्राख्त, कायझर्सख्राख्त, प्रिन्सेनख्राख्त. डच ‘ग’ हा घशातला ‘ख’ असतो, घसा साफ केल्यासारखा म्हणा म्हणजे जमेल. १६१३ मध्ये हे कालवे खणायला लागले आणि २०१० मध्ये सगळा पट्टा जागतिक वारशाच्या यादीत गेला. सायकलवरून इथे एक गोष्ट दिसते जी बोटीतून दिसत नाही. बोटीतून तुम्ही खालून वर बघता, सगळंच भव्य वाटतं. सायकलवर घराची दारं तुमच्या खांद्याला लागून जातात आणि मग कळतं की घरं किती अरुंद आहेत. दर्शनी भाग दोन-तीन खिडक्यांचा, खोली मात्र आत लांबच लांब, आपल्याकडच्या पेठेतल्या जुन्या वाड्यासारखी. जिना इतका उभा आणि चिंचोळा की त्यावरून कपाट चढत नाही. म्हणून बहुतेक घरांच्या माथ्यावर एक तुळई बाहेर आलेली आणि तिला आकडा. सामान दोरानं बाहेरून वर ओढायचं. ओढताना ते भिंतीवर आपटू नये म्हणून घर मुद्दामच रस्त्याच्या बाजूला थोडं झुकवून बांधलेलं. आजही घर बदलताना लोक खिडकीतूनच सोफा आत घेतात. पण जे घर बाजूला, शेजाऱ्याच्या अंगावर कललेलं दिसतं ते मुद्दाम नव्हे, त्याचे खांब कुजलेत. पुढे झुकलेलं घर हुशार, बाजूला कललेलं आजारी. एवढं लक्षात ठेवलंत तर उरलेले तीन दिवस तुम्ही कुठल्याही गल्लीत आपलं आपण वाचत फिराल.

भिंतीत कुठे कुठे रंगवलेला दगड दिसेल, त्यावर मासा, उंट, कात्री, जहाज. घरांना क्रमांक येण्यापूर्वी पत्ता असा सांगायचे.

प्रिन्सेनख्राख्तवर वेस्टरकेर्क नावाचं चर्च आहे, त्याचा मनोरा सुमारे ८५ मीटर. चित्रकार रेम्ब्राँला १६६९ मध्ये याच चर्चमध्ये पुरलं, कफल्लक अवस्थेत, भाड्याच्या कबरीत, त्यामुळे नेमकी जागा आज कुणालाच सांगता येत नाही. चर्चच्या शेजारी २६३ क्रमांकाचं घर म्हणजे डायरी लिहिणाऱ्या ज्यू मुलीचं, ॲन फ्रँकचं, लपण्याचं ठिकाण. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घेतो, आणि ती गोष्ट मी सायकलीवरूनच सांगतो.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन सत्तेखाली ज्यूंवर एकामागून एक बंद्या आल्या. ट्राममध्ये बसायचं नाही, बागेत जायचं नाही. १९४२ च्या जूनमध्ये ॲनने डायरीत बंद्यांची यादी लिहिली, त्यात सायकली जमा करायच्या हेही आहे. इतर देशांत ही किरकोळ गोष्ट वाटली असती. या शहरात सायकल काढून घेणं म्हणजे माणसाचे पाय काढून घेणं. ५ जुलैला मोठ्या बहिणीला, मार्गोटला, जर्मनीत मजुरीला हजर राहण्याची नोटीस आली. ६ जुलैला सकाळी कुटुंब लपायला निघालं. ॲन आणि आईवडील पावसात, अंगावर एकावर एक कपडे चढवून, पायी, कारण ज्यू माणूस बॅगा घेऊन दिसला असता तर संशय आला असता. मार्गोटनं मात्र आपली सायकल जमा केलेली नव्हती. ती वडिलांच्या ऑफिसातल्या मीप खीस यांच्याबरोबर सायकलवरून पुढे गेली. सोळा वर्षांची मुलगी, जमा न केलेली सायकल, दप्तरात पुस्तकं. दक्षिणेच्या मेरवेडेप्लाइन चौकातल्या त्यांच्या घरापासून इथपर्यंत साधारण चार किलोमीटर आहे. तुम्ही आत्ता त्याच शहरात, तशाच सायकलवर, जवळपास तेवढंच अंतर आलेले असता. इथे मी थोडा वेळ काही बोलत नाही.

पुढे जर्मनांनी बाकीच्यांच्याही सायकली जप्त केल्या. डच माणूस ती खुन्नस अजून विसरलेला नाही. जर्मनीशी फुटबॉलचा सामना असला की ‘आमची सायकल परत द्या’ हा टोमणा कितीतरी वर्षं चालायचा. १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात शहरातल्या बायका टायर नसलेल्या, लाकडी पट्टी बसवलेल्या चाकांच्या सायकली घेऊन दूर शेतकऱ्यांकडे बटाटे मागायला जायच्या. घरातली चादर, दागिना द्यायचा आणि पिशवीभर बटाटे आणायचे. हे सांगून झालं की मुलं आपल्या सायकलच्या टायरकडे बघतात, मी बघितलंय.

ॲन फ्रँकच्या घरात जायचं असेल तर ते सहलीत बसत नाही. तिकीट फक्त ऑनलाइन मिळतं, दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांची विक्री उघडते. आत्ताच कॅलेंडर काढा आणि बसा. ‘तिथे जाऊन बघू’ म्हणणारी किती कुटुंबं दारातून परत गेलेली मी पाहिली आहेत.

मग योर्दान. एकेकाळी मजुरांची, कोंदट वस्ती, आता घरांच्या किमती ऐकल्या तर चक्कर येईल. इथे ‘ॲपल पाय’ खा आणि पुढे चला.

दक्षिणेला राइक्सम्युझियम. इमारत १८८५ ची, स्टेशन ज्यांनी बांधलं त्याच पिएर कॉयपर्स यांची. तिच्या पोटातून एक कमानदार बोगदा जातो आणि त्यातून सायकलचा रस्ता. संग्रहालयाची दुरुस्ती २००३ ते २०१३ दहा वर्षं चालली, तेव्हा प्रवेशासाठी हा बोगदा हवा म्हणून सायकली बंद करायचा विचार होता. सायकलवाले इरेला पेटले. वर्षानुवर्षं भांडण. शेवटी नकाशे बदलले, सायकली राहिल्या. आज एका हाताला काचेआड रेम्ब्राँच्या ‘नाइट वॉच’ या चित्राकडे जाणारी रांग आणि मधून भाजीची पिशवी लटकवलेल्या आजीबाई. बोगद्यात कुणीतरी व्हायोलिन वाजवत असतं, कमानींमुळे आवाज घुमतो. पूर्ण सहलीत लोकांना सगळ्यात आवडणारी ही तीस सेकंदं. थांबू नका, मात्र. पलीकडे जाऊन हवं तर पुन्हा वळून या. मी दोन फेऱ्या मारू देतो.

इथेच मला नेहमी विचारतात की हे लोक पहिल्यापासूनच असे सायकलवेडे होते का? मुळीच नाही. माझं लहानपण पुण्यात गेलं. पुण्याला एकेकाळी सायकलींचं शहर म्हणायचे, तासाच्या भाड्यानं सायकल घेऊन कैची मारत शिकलेली आमची शेवटची पिढी. ॲमस्टरडॅमही त्याच वाटेनं चाललं होतं. १९५४ मध्ये इथल्या पोलीसप्रमुखांनी काही कालवे बुजवून मोटारींसाठी रस्ते करा अशी योजना मांडली होती. १९६५ मध्ये ‘प्रोव्हो’ नावाच्या खोडकर तरुणांच्या टोळीनं पांढऱ्या रंगाच्या सायकली फुकट वापरासाठी रस्त्यावर ठेवल्या. पोलिसांनी त्या उचलल्या, का तर कुलूप नव्हतं. तेव्हा सगळे हसले. मग १९७१ आलं. त्या एका वर्षात या छोट्याशा देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं. एका पत्रकार बापानं, ज्याची स्वतःची मुलगी गेली होती, ‘मुलांची कत्तल थांबवा’ असा मथळा देऊन लेख लिहिला आणि त्याच नावानं चळवळ उभी राहिली. आईबापांनी रस्ते अडवले. १९७३ च्या तेलटंचाईत सरकारनं रविवारी मोटारी बंद केल्या आणि लोकांनी पोरांना महामार्गावर स्केटिंग करताना पाहिलं. १९७५ मध्ये मेट्रोसाठी न्यूमार्कट भागातली घरं पाडायला घेतली, दंगल झाली. मेट्रो झाली, पण तिच्याबरोबर आखलेला मोठा रस्ता बारगळला. म्हणजे तुम्ही ज्या लाल पट्ट्यावरून चालला आहात तो काही जुन्या परंपरेचा नव्हे, माझ्या वयाचा आहे. त्यासाठी भांडण झालंय.

परतताना मी पूर्वेकडून येतो. पोर्तुगीज ज्यूंचं १६७५ चं प्रार्थनास्थळ, त्याच्यासमोरच्या चौकात बाह्या सरसावून उभा असलेला गोदी कामगाराचा पुतळा. २५ फेब्रुवारी १९४१ ला ज्यूंच्या धरपकडीविरुद्ध शहरानं संप केला होता, त्याची ती आठवण. जवळच २०२१ पासून नावांचं स्मारक आहे: एक लाख दोन हजारांवर विटा, प्रत्येक विटेवर एकेक नाव, जन्मतारीख आणि वय. वय वाचा. सायकल बाहेर लावा, आत चालत जा.

आणि शेवटी एक थांबा फक्त मराठी गटांसाठी. आउडे होखस्त्राट नावाच्या अरुंद रस्त्यावर एक चौक असलेली विटांची इमारत आहे, आता विद्यापीठाची. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीचं हे मुख्यालय. इथून जी जहाजं सोडायचं ठरायचं त्यांची एक वखार आपल्या वेंगुर्ल्यात होती. पडक्या भिंती अजून उभ्या आहेत, झाडांनी वेढलेल्या. गोव्याच्या पोर्तुगीजांची समुद्रातून कोंडी करताना डच जहाजांना वेंगुर्ल्याहून रसद मिळायची. तिथल्या वखारीतल्या डचांनी पाठवलेली पत्रं शिवकालाचे अभ्यासक वाचतात. एकदा गटात एक सावंतवाडीचे काका होते. म्हणाले, ‘आमच्याकडे त्या वखारीत आम्ही लपंडाव खेळायचो, आणि साहेब इथे बसायचा होय?’ आणि त्यांनी त्या चौकात फेरी मारून भिंतीला हात लावला.

आता सासूबाई. त्यांना स्वतः चालवायची नसेल तर तीन मार्ग. एक, दोघांची सायकल, पुढे तुमचे यजमान. यात सासूबाईंच्या धीराची आणि त्यांच्या मुलाची, दोन्हींची परीक्षा होते. दोन, समोर माणूस बसेल अशी मोठी पेटी असलेली सायकल, ती आधी सांगून ठेवावी लागते आणि चालवणारा सवयीचा हवा. माझा सल्ला तिसरा: त्यांना त्या तीन तासांत कालव्यातल्या बोटीत बसवा, आणि दुसऱ्या दिवशी सगळे मिळून स्टेशनच्या मागच्या बाजूनं फेरी बोटीनं पलीकडे उत्तरेला जा. ती बोट फुकट आहे, सायकलीसकट, पाच मिनिटांत पलीकडे. तिथे गर्दी एकदम गळून पडते. जुन्या बांधावरचा न्यूवेनडामरडाइक नावाचा रस्ता आहे, दोन्ही बाजूंना लाकडी घरं, पुढच्या अंगणात गुलाब, पुढे डुर्खरडाम गावापर्यंत एका हाताला पाणी. ज्यांना शहरात भीती वाटते त्यांनाही मी तिथे सायकलवर बसवतो. गेल्या वर्षी एक एकसष्टच्या आजी तिथे अर्धा किलोमीटर चालवून आल्या आणि मग दिवसभर कुणाला सायकल देईनात. सासूबाईंनी आयुष्यात कधी चालवलेली असेल तर तिथे एकदा बसवून बघाच. नसेल तर हट्ट नको.

किरकोळ पण कामाचं. ओढणी, साडीचा पदर, लांब स्कार्फ चाकात जातो. बांधून टाका किंवा घालूच नका. छत्री नको, पातळ रेनकोट घ्या. मेमध्ये सकाळी गार असतं आणि पाऊस दहा मिनिटांचा येतो, मग ऊन. कुलपं दोन असतात, मागच्या चाकावरचं गोल आणि एक साखळी. दोन्ही लावायची, साखळी लोखंडी कठड्याला. गोल कुलपाची किल्ली उघड्या कुलपातून निघत नाही, तेव्हा ‘किल्ली अडकली’ म्हणून घाबरू नका. प्रवास विमा सायकल अपघात धरतो का तेवढं तपासा. दुपारी जेवायला सुरिनामी रोटीचं दुकान शोधा. १८७३ पासून भारतातून डच वसाहतीत मजूर म्हणून गेलेल्यांच्या नातवंडांचं हे जेवण. बटाटा, चवळीच्या लांब शेंगा आणि डाळ भरलेली पोळी, शाकाहारी मिळते. सासूबाई खूश होतील आणि तुमचे ठेपल्यांचे पुडे वाचतील.

तारखा मात्र सांभाळा. २७ एप्रिलला राजाचा वाढदिवस असतो, त्या दिवशी सायकल काढायचीच नाही. तुम्ही त्यानंतर येताय, ठीक. पण ४ मे तुमच्या मुक्कामात येतोय. त्या दिवशी युद्धातल्या मृतांचं स्मरण असतं, डाम चौक दुपारपासून बंद होत जातो, म्हणून सहल सकाळचीच घ्या. संध्याकाळी बरोबर आठला दोन मिनिटं सगळं थांबतं. ट्राम जिथे असेल तिथे उभी, सायकलवाला पाय टेकून उभा, हॉटेलात वाढणारा हातात ताट घेऊन उभा. एरवी तुम्ही क्षणभर थांबलात तर घंटी वाजवणारं हे शहर. तेव्हा तुम्ही कुठल्या पुलावर असाल तर उतरा, मुलाला आधी समजावून ठेवा, हँडल धरून उभ्या राहा. दोन मिनिटं झाली की ट्राम हलते आणि मागचा माणूस बाजूला व्हा म्हणून पुन्हा घंटी वाजवतो.